पायी

वरच्या मजल्यावर हंगेरीची दोघं राहायला आली
तेव्हा सोसायटीत पहिली चर्चा ही,
की गाडी कुठली घेतील.
मिक्लोश सिग्नलच्या कामावर, बेलापूरला.
इल्दिको घरी. म्हणजे घरी कधीच नाही.
पाण्याची बाटली, डोक्याला ओला पंचा,
चौकटीच्या कागदाची शाळकरी वही,
आणि चालणं.

वॉचमन सांगायचा, मॅडम आज पण चालत गेल्या.
घरात कुणी आजारी असल्याच्या आवाजात.
रिक्षा तिच्या शेजारी हळू व्हायच्या,
थोडं अंतर सोबत यायच्या
आणि रागावल्यासारख्या निघून जायच्या.

एकदा लिफ्टमध्ये तिनं विचारलं,
शिकवणीतल्या जपून मांडलेल्या मराठीत,
"ही नवी मुंबई. मग जुनी कुठे?"
मी म्हटलं, खाडीपलीकडे.
"नाही," ती म्हणाली. "इथली जुनी."

सतरा वर्षं मी इथं राहते.
मला शाळेची बस थांबते ते झाड माहीत होतं,
डी-मार्टचा मागचा दरवाजा,
दातांचे डॉक्टर आणि त्यांच्याखालचा झेरॉक्सवाला.
यांच्या मधलं सगळं रिक्षातून बघितलेलं,
म्हणजे रिक्षावाल्याची मान बघितलेली.

म्हणून एका मंगळवारी रजा टाकून गेले तिच्यासोबत.
ऑफिसच्या चपला घालून, ही चूकच.

फूटपाथ मध्येच संपतो.
पुढे ट्रान्सफॉर्मर, मग कुणाची तरी तुळस,
उलटी ठेवलेली हातगाडी,
आणि पुन्हा फूटपाथ, काही झालंच नाही अशा तोऱ्यात.
हे तिनं लिहून घेतलं.
दूर चिखलात रोहित उभे होते,
इतके गुलाबी, इतके रिकामटेकडे.
मी फोन काढला. ती त्यांच्याकडे पाठ करून
नाल्याच्या तोंडाशी बसलेल्या म्हाताऱ्याला
जाळ्याच्या गाठीबद्दल विचारत होती.
त्यानं गाठ सोडून दाखवली, पुन्हा मारून दाखवली.
तिला तिसऱ्यांदा जमली.

करावे गावात शिरलो
तशी गल्ली छत्री उघडता येणार नाही एवढी झाली.
नामीबाय ओट्यावर जवळा निवडत बसलेली.
"कंच्या गावच्या गो तुमी?"
"सेगेद," इल्दिको म्हणाली. "नदी आहे. मासे. लाल तिखट."
नामीबायनं मान डोलावली.
मासे नि तिखट म्हणजे झालंच की गाव.
"आनि तू?"

मी म्हटलं, सेक्टर अठ्ठेचाळीस.

"ता गाव नाय, बाय. ता नंबर हाय."
जवळ्यातला एक खडा तिनं गटारात टाकला.
"तया आमचा भात व्हता. बांदावं चिंबोऱ्या भेटाच्या.
पैशे भेटले. सरले."
आणि माझ्या चपलांकडे बघून,
"पानी पितंस का?"

इल्दिकोनं विचारलं, काय म्हणाली?
मी म्हटलं, जुनी इथंच होती म्हणाली.
पुरतं भाषांतर नव्हतं ते.
तिनं तेवढंच वहीत उतरवलं, तारीख घातली.

मिरज.
रात्री टाचेच्या फोडावर हळद लावताना आठवलं,
मिरज म्हणता आलं असतं.
तंतुवाद्यांची गल्ली आहे तिथे, भोपळे वाळत असतात,
वडिलांची सायकल ज्या खांबाला लावलेली असायची
तो खांबही आहे अजून.
का नाही सुचलं, कोण जाणे.

इल्दिको उन्हाळ्यापुरती सेगेदला गेली आहे.
मी शनिवारी निघते, मुलाचे जुने बूट घालून,
त्याचा पाय माझ्यापुढे गेला गेल्या वर्षी.
वही नाही माझ्याकडे. पिशवी असते,
नामीबाय जवळा मापापेक्षा जास्त घालते
आणि पैशांवरून भांडते.

पाम बीचच्या सिग्नलला रिक्षा हळू होते.
"कुठे, ताई?"
करावे.
"बसा की."
नको. चालतेय.
तो जरा सोबत येतो, आरशातून बघतो.
"पायी? नवस आहे का?"

मी हो म्हणते.
सोपं पडतं.